सबटायटलवाल्यांनो, आभार!

दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघत वाढलेली आमची पिढी. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान अजून कानात आहे. ती मालिका मुळात जपानी, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणून पहिला नमस्कार हिंदी डबिंगच्या त्या सगळ्या कलाकारांना.

ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचं, खरं वेड लागलं ते पुण्यात, हॉस्टेलवर. एका सीनियरने हार्ड डिस्क हातात ठेवली आणि म्हणाला, “जपानीतच बघ, खाली इंग्रजी येतं.”

ते इंग्रजी लिहिणारे तुम्ही! नोकरी-कॉलेज सांभाळून ऐकायचं, भाषांतर करायचं, एकेक वाक्य संवादाच्या वेळेशी जुळवायचं, आणि वर एक छदामही घ्यायचा नाही. (कायद्यात ते बसत नव्हतं, खरंय. पण आमच्याकडे विकत तरी कुठे मिळत होतं?) शीर्षकगीताला वर रोमन अक्षरांत उच्चार, खाली अर्थ, आणि गायला जाईल तसा शब्दाचा रंग बदलणार. शाळेतल्या कविता कधी पाठ झाल्या नाहीत; ही गाणी मात्र तोंडपाठ.

ओबोनला, म्हणजे जपानमधल्या पूर्वजांच्या सणाला, कंदील का लावतात, याची बारीक टीप एकदा वरच्या कडेला आली होती: पूर्वजांना वाट दिसावी म्हणून. पॉज करून वाचली. पितृपक्ष पाळणाऱ्या घरातला मी, मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

तुमची फक्त टोपणनावं ठाऊक आहेत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि दादा, वाचत असशील तर हार्ड डिस्क माझ्याकडेच आहे, घेऊन जा.