ढीग उचलण्याआधी

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वसाहतीमागच्या मोकळ्या जागेचे फोटो नीट पाहिले. राडारोडा, फुटक्या टाइल्स, एक गादी, कडेला टायर. रोजचा घरचा कचरा यात जवळजवळ नाहीच. म्हणजे हे कुणी पिशवीतून आणून टाकलेलं नाही, गाडीतून ओतलंय. तेव्हा बंदोबस्त गाडीचा करायला हवा. नुसत्या ‘कचरा टाकू नये’ पाटीने काही होणार नाही.

ढीग लवकर उचलाच, कारण पडलेल्या ढिगाशेजारी दुसरा टाकायला कुणी कचरत नाही. पण आधी नोंद घ्या. चारही बाजूंनी फोटो काढा आणि एक लांबून, ज्यात विजेचा खांब किंवा भिंत अशी खूण दिसेल. सोबत तारीख, वेळ आणि मोबाइलवरचं लोकेशन. ढिगाची लांबी, रुंदी आणि मधली उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि चारने भागा, कारण ढीग वर निमुळता असतो. 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 4 फूट उंच म्हणजे 200 घनफूट, दोन ब्रास (100 घनफुटांचा एक ब्रास). तक्रारीत ‘खूप कचरा पडला आहे’ असं लिहिलं तर ती तशीच पडून राहते. ‘दोन ब्रास राडारोडा, अमुक इतके टायर’ लिहिलं की केवढी गाडी आणि किती माणसं पाठवायची ते समोरच्याला कळतं.

पत्ता सापडेल म्हणून कुणालाही गोण्या फोडू देऊ नका. आत काचा, सुया असतात, आणि पुरावा हलवला की त्याचं वजन कमी होतं. वरवर दिसणारं कुरिअरचं लेबल, बिल, टाइल्सच्या खोक्यावरचं दुकानाचं नाव यांचे फोटो पुरेत. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे दिसले तर ते तोडू किंवा झाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. टायर मात्र नोंद झाल्याबरोबर छपराखाली हलवा. आत साचलेलं पाणी नुसतं ओतून टाकून भागत नाही: डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी टायरच्या आतल्या बाजूला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

आता गाडी. ती वळते कुठे ते चाकांच्या खुणांवरून शोधा. ओतणाऱ्याला मागे घ्यायला आणि पटकन निघायला जागा लागते. ती वळणाची जागा बंद केली की अर्धं काम झालं. छोट्या टेम्पोची रुंदी पाच फुटांच्या आसपास असते, म्हणून दगडांमध्ये चार फुटांची फट ठेवा. सायकल, व्हीलचेअर जाईल, टेम्पो अडेल. दोन माणसांना ढकलता येईल असा दगड निरुपयोगी. मोठा घ्या आणि एक तृतीयांश जमिनीत गाडा. पावसाच्या पाण्याची वाट अडवू नका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी कुलपाचं फाटक ठेवा. एक सांगून ठेवतो, ही जागा बंद झाली की ढीग पुढच्या अंधाऱ्या वळणावर सरकतो. दोन्ही बाजूंचा अर्धा किलोमीटर रस्ता आधीच पाहून ठेवा.

कॅमेरा लावायचाच असेल तर ढिगावर रोखलेला एक पुरत नाही. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी पडते. दुसरा बाहेर पडण्याच्या वाटेवर लावा, गाडीची मागची बाजू दिसेल असा. भरलेली आत गेली आणि रिकामी बाहेर आली, हे दोन्ही दिसायला हवं. घड्याळ बरोबर असल्याची दर आठवड्याला खात्री करा आणि चित्रण लगेच उतरवून ठेवा, कारण काही दिवसांत त्यावर नवं चढतं. गाडी दिसली तरी तिला आडवं जायचं नाही, नंबर टिपायचा. हे कमिटीतल्या सगळ्यांना बजावून सांगा.

पण खरा उगम जिथे तोडफोड चालू आहे त्या घरात आहे. गाडीवाला खेपेच्या हिशोबाने पैसे घेतो, त्यामुळे खेप जितकी जवळ तितका त्याचा फायदा. इथे ब्रिटनमध्ये 1990 च्या पर्यावरण कायद्याच्या 34 व्या कलमानुसार आपला कचरा अधिकृत माणसाकडेच जातोय ना, हे पाहणं घरमालकाचंही काम आहे. तेवढा कायदा हाताशी नसला तरी कमिटी नियम करू शकते: काम सुरू होण्याआधी गाडीचा नंबर आणि राडारोडा कुठे जाणार ते लिहून द्यायचं, आणि तिथली पावती आल्याशिवाय गाडीवाल्याला शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

अर्धा ब्रास न्यायला कुणी धड तयार होत नाही, आणि तोच नेमका रात्री रस्त्याकडेला पडतो. म्हणून आवारात एक कोपरा ठरवा, चार-पाच घरांचा राडारोडा गोण्यांत भरून तिथे साठवा आणि ठरल्या दिवशी एक भरलेली गाडी पाठवा. लाकूड, गादी, प्लास्टिक त्यात मिसळू देऊ नका. मिसळलं तर पूर्ण गाडी परत येते. मला विचाराल तर दगडांच्या आधी हे सुरू करा.

नियमाचा मसुदा करून पाठवा, वाचून लगेच कळवतो. आईला सा. न.

आपला,
बाळू