बाबा, जड गोळी का नको

बोझमन, मॉन्टाना

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी एल्कच्या शिकारीला निघालोय म्हटल्यावर तुम्ही फोनवर विचारलेला प्रश्न अर्धाच राहिला. "एवढं मोठं जनावर, मग काहून हलकी गोळी घेतो? २२० ग्रेनची घे ना." म्हणून लिहूनच सांगतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, मोठा नर ३०० किलोच्या आसपास. माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाची. तिला १५० ते २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या सहज मिळतात; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, इतवारीतल्या सराफांचा जुना, ११.६६ ग्रॅमचा. इथले बरेच जुने शिकारी एल्कसाठी हीच तोळाभर गोळी सांगतात.

तुमचा जड गोळीवरचा भरवसा आजोबांच्या तीनशेपंधरा बोरच्या रायफलीवरचा आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस, २४४ ग्रेनची मऊ शिशाची गोळी, आणि काटोलच्या वावरात पन्नास पावलांवर रानडुक्कर. तिथे ती योग्यच होती. शिसं हाडावर आपटलं की पसरतं, त्याचे तुकडे गळतात. मुळात वजन भरपूर असेल तर गळूनही आत शिरण्याइतकं उरतं. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) अंगात खोल शिरल्याच नाहीत. त्यानं मग मधोमध आडवी भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहतो. अंबाझरीच्या दारूगोळा फॅक्टरीत तुम्ही उभं आयुष्य काढलंत, ही रचना तुम्हाला नक्की आवडेल.

मी वापरतो ती गोळी अख्ख्या तांब्याची, १६५ ग्रेनची. तिचं टोक पाकळ्यांसारखं उघडतं आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं, त्यामुळे गळतीसाठी जादा वजन घ्यायचं कारणच उरत नाही. उलट तांबं कडक, ते नीट उघडायला वेग लागतो आणि हलकी गोळी वेगानं सुटते. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. गोळीला फिरकी देणाऱ्या माझ्या नळीतल्या खाचा १० इंचांत एक वेढा घेतात. फार लांब गोळी तेवढ्या फिरकीवर स्थिर राहीलच असं नाही. पल्ल्याचं म्हणाल, तर २०० यार्डांवर नेम जुळवला की ३०० वर १६५ आणि १८० दोन्ही वीतभर खाली येतात. त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

खरं कारण मात्र ताटातलं आहे. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते मांस वर्षभर पोरं खातात. रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि शिशाच्या विषानं मरतात. हे कळल्यावर मला शिसं वापरवेना.

आणि बाबा, २२० चा धक्का खांद्याला असा बसतो की पुढच्या वेळी घोडा दाबताना माणूस आधीच आखडतो. गोळी फुप्फुसात न लागता पोटात गेली, तर ती कितीही जड असो, जनावर तडफडत मैलभर जातं. मला ते सहन होत नाही. म्हणून जनावर आडवं उभं राहिल्याशिवाय मी बार टाकत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते चांगलंच झालं. इथे परवाना काढावा लागतो आणि खाण्याजोगं मांस रानात सोडणं गुन्हा आहे. हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो.

आजोबांच्या गोळ्या आत शिरून कशा फुलायच्या, तुम्ही पाहिलंय का? तेवढं सविस्तर लिहा. आईला नमस्कार.

तुमचा,
मकरंद