केबल तोडण्याआधी वायफाय तपासा

संपादक महोदय,

ओटीटी आलं, मग केबलचे पैसे कशाला भरायचे, हा प्रश्न आता घरोघरी निघतो. त्याचं उत्तर कोणत्या ॲपवर काय दिसतं यापेक्षा तुमच्या घरात इंटरनेट कशातून येतं, यावर ठरतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर केबल राहू द्या. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये एक तासाचा महाएपिसोडसुद्धा पुरा होत नाही. फायबर असेल तर रोज तीन तास पाहूनही महिन्याला २०० जीबीच्या आसपासच जातात. घरगुती प्लॅनला ते जड नाही.

पण फायबर घेऊनही ‘नुसतं गोल गोल फिरतंय’ ही तक्रार असतेच, आणि बऱ्याचदा लाइन निर्दोष असते. राउटर दाराशी, टीव्ही दोन भिंतींपलीकडे. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर अख्ख्या इमारतीची गर्दी, तर ५ गिगाहर्ट्झ भिंतीतच दम तोडतो. सरळ राउटरपासून कॅट-६ ही नेटवर्कची वायर ओढून टीव्हीच्या लॅन पोर्टला जोडावी. तो पोर्ट १०० एमबीपीएसचा असला तरी फोरके, म्हणजे एचडीहून बारीक चित्रालाही पुरतो. टीव्हीला ओटीटी ॲप दाखवायला लावतात ती स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालवणारे पुष्कळ. जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो, मग ती ऐन सामन्यात रीस्टार्ट होते. सोबतचा ॲडॉप्टर खोक्यात ठेवायला दिलेला नसतो! स्वस्तातल्या बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये बहुधा वाइडवाइन एल-१, म्हणजे ॲपला एचडी चित्र देण्यासाठी लागणारी कॉपी-सुरक्षा, नसतं. पैसे एचडीचे भरूनही चित्र ४८०पीचं, म्हणजे साधंच येतं. आणि इन्व्हर्टरवर टीव्हीसोबत राउटर आणि फायबरचा मोडेम घेतला नसेल, तर वीज गेल्यावर टीव्ही चालू आणि ॲप बंद.

थेट सामना ओटीटीवर केबलच्या काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे असतो. चित्र छोट्या तुकड्यांत येतं आणि दोन-तीन तुकडे साठल्याशिवाय दिसू लागत नाही. वेग वाढवून हे जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर मराठी मालिका एका ठिकाणी नाहीत. झी मराठी झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. तिन्ही घेतली आणि त्यात ब्रॉडबँड धरलं, तर केबल महाग वाटेनाशी होते. बातम्यांपुरतं बोलायचं तर बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर फुकट थेट दिसतात, त्यासाठी दोन्हीकडे पैसे घालवायचं कारण नाही.

केबलचं बिल फुगतं ते ऑपरेटरने लावलेल्या पॅकमुळे. २०१९ पासून ग्राहकाला सुटे चॅनेल निवडता येतात. चॅनेलच्या किमतीशिवाय जोडणीसाठी लागणाऱ्या नेटवर्क शुल्काला १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैशांची मर्यादा होती. ती ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये काढली. म्हणून शुल्क किती, चॅनेलचे किती, असं वेगवेगळं मागावं. पाच मराठी चॅनेल पाहणाऱ्या घराला तमिळ-तेलुगूसकट पॅक कशासाठी? डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही, सह्याद्री दिसते. पण झी मराठी आणि स्टार प्रवाह त्यावर नाहीत.

आमच्या मते फायबर नीट चालत असेल आणि घरात रिमोटचे आकडे दाबूनच टीव्ही पाहणारं कुणी नसेल, तर केबल खुशाल बंद करावी. फक्त आधी महिनाभर दोन्ही चालवून संध्याकाळी आठ ते दहा या वेळात काय होतं ते पाहावं, कारण लाइनवरचा ताण तेव्हाच कळतो. बंद करताना सेट टॉप बॉक्स परत दिल्याची पावती घ्यावी आणि अनामत भरली असेल तर तीही मागून घ्यावी.

— केबल व ब्रॉडबँड जोडणीच्या कामातील दोन तंत्रज्ञ, कराड