व्हिक्सेल म्हणजे प्रखर एलईडी नव्हे

महोदय,

चेहरा ओळखणाऱ्या मोबाइलविषयी लिहिताना व्हिक्सेल, म्हणजे चिपच्या पृष्ठभागाला काटकोनात प्रकाश सोडणारा लेझर, याला सर्रास ‘जरा प्रखर एलईडी’ म्हटले जाते. एलईडीला समोरासमोरच्या आरशांची गरज नसते; व्हिक्सेलची बहुतेक जाडी मात्र आरशांचीच असते.

कडेतून प्रकाश सोडणाऱ्या लेझरमध्ये प्रकाशाला वर्धनासाठी, म्हणजे वाढत जाण्यासाठी, काही शे मायक्रॉनची वाट मिळते, त्यामुळे सुमारे ३० टक्के परावर्तन करणारी चिपची कडही आरसा म्हणून पुरते. व्हिक्सेलमध्ये प्रकाश उभा जातो, वाटेत क्वांटम वेलचे, म्हणजे प्रकाश वाढवणारे, काही नॅनोमीटरचे मोजके थर लागतात आणि एका खेपेत वर्धन जेमतेम एक टक्का होते. म्हणून आरसे ९९ टक्क्यांहून अधिक परावर्तक हवेत. त्यासाठी ॲल्युमिनियमचे प्रमाण आलटून-पालटून कमी-जास्त ठेवलेल्या थरांच्या २० ते ४० जोड्या रचतात. ८५० नॅनोमीटरच्या लेझरसाठी प्रत्येक थर साधारण ६० ते ७० नॅनोमीटरचा. सगळे थर एक टक्क्याने जाड झाले, तर तरंगलांबी साडेआठ नॅनोमीटरने सरकते!

खरी कसोटी पुढे. विद्युतप्रवाह मधोमध कोंडण्यासाठी सुमारे ९८ टक्के ॲल्युमिनियमचा एक थर चारशेच्या आसपास अंश सेल्सिअसला वाफेत कडेकडून ऑक्सिडाइझ करून वीजरोधक बनवतात. मध्ये काही मायक्रॉनचे भोक उरते. ॲल्युमिनियम वा तापमान किंचित बदलले की ऑक्सिडेशनचा वेग फार बदलतो. थराची कड उघडी पाडल्यावर वेफर, म्हणजे अनेक लेझर एकत्र घडवलेली चकती, हवेत पडून राहिला, तर ऑक्सिडेशन असमान होते. भोक फार लहान झाले की रोध आणि उष्णता वाढते. फार मोठे झाले की अनेक मोड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे आकृतिबंध, उमटतात.

तापमानाचा हिशेबही आधीच करावा लागतो. वर्धनाचे शिखर, म्हणजे प्रकाश सर्वाधिक वाढतो ती तरंगलांबी, दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते; आरशांमधला अनुनाद, म्हणजे आरशांमध्ये टिकणारी तरंगलांबी, फक्त ०.०६. म्हणून शिखर मुद्दाम अलीकडे, कमी तरंगलांबीवर ठेवतात; चिप तापली की दोन्ही जुळतात.

एवढी उठाठेव परवडते, कारण वेफर न कापताच प्रत्येक लेझर तपासता येतो. जपानी संशोधक केनिची इगा यांनी १९७७ मध्ये व्हिक्सेलची कल्पना मांडली, त्यामागे हाही विचार होता.

हाताळणाऱ्यांनी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावाच. एवढ्याशा भोकाला स्थिर विजेचा एक झटका पुरतो, आणि तेव्हा ठीक दिसलेला लेझर पुढे वापरात असताना बंद पडू शकतो.

– एक वाचक