नवा टायर पुढे लाव

जोगेश्वरी,
रविवार दुपार

प्रिय मंद्या,

सायकलला कुठले टायर घेऊ हे विचारायला तुझा फोन आला तेव्हा मी लोकलच्या दारात लटकलो होतो, म्हणून ‘घे रे कुठलेही’ असं बोलून गेलो. ते शब्द मागे घेतो. २.६ इंची, मगरीच्या पाठीसारखे गुटके (टायरवरचे रबरी उंचवटे) असलेली ती जोडी घेऊ नकोस. दिसते झकास, पण तू राहतोस दादरला. आरेतली मातीची वाट लागेपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर हायवे तुडवायचा, आणि तेवढाच परत. ते टायर रस्त्यावर भुंग्यासारखे घोंघावतात, पायांतला जीव काढतात आणि मधले गुटके जंगलात झिजायचे ते अंधेरीच्या फ्लायओव्हरवरच झिजतात.

आधी जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे वाच. ५७-५८४ असेल तर ५७ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ५८४ हे रिमचं माप, म्हणजे आपलं साडेसत्तावीस इंची. एकोणतीसला ६२२ येतं, जुन्या सव्वीसला ५५९. दुकानदार ‘बसेल साहेब, जरा खेचावं लागेल’ म्हणाला तरी या दुसऱ्या आकड्यात तडजोड करायची नाही. रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं. पण तुझ्या सायकलला मागे जागा कमी आहे. फार रुंद टायर घातलास तर पावसात चिखल अडकून चाकच फिरायचं नाही.

आता एक कबुली. गेल्या जुलैत माझं कोपर फुटलं होतं ना? घरी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं काही नव्हतं. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून नवा आणला आणि शहाण्यासारखा मागेच लावला. पुढे तोच जुना, कडेचे गुटके मुळाशी फाटलेला. उतारावर ओल्या मुळीवरून वळलो आणि सायकल खालून निघूनच गेली. मागचं चाक सरकलं तर कंबर हलवून सावरता येतं. पुढचं सरकलं की थेट लोटांगण. तेव्हा नवा आणि जास्त पकडीचा टायर नेहमी पुढे. पुढचा जरा झिजला की मागे ढकलायचा.

म्हणून जोडी एकसारखी नकोच. पुढे मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ, २.३ इंची. कडेचे गुटके दणकट, वळणावर माती धरून ठेवतात. मागे त्यांचाच आर्डेंट, २.२५, मधले गुटके बुटके, म्हणून हायवेवर हलका पळतो. पैसे एकाचेच असतील तर पुढचा घे. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या दगडावर मात्र गुटके कितीही उंच असोत, उपयोग नाही. तिथे रबर मऊ लागतं, आणि त्याहून जास्त अक्कल. उतर आणि ढकल. होळीनंतर फुफाट्यावर वाळका पाला पसरतो, तोही तितकाच लबाड. खाली दगड आहे की खड्डा, कळतच नाही.

हवेबद्दल तुला शंभरदा सांगितलंय, तरी तू पेट्रोल पंपावर जाऊन ‘पन्नास मार’ म्हणतोस. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, त्याच्या पलीकडे जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तितकी भरलीच पाहिजे असं नाही. तुझं वजन (तू ऐंशी सांगतोस म्हणजे पंचाऐंशी) धरून ट्यूबलेसला पुढे २५, मागे २८ पीएसआयपासून सुरुवात कर. ट्यूब असेल तर ३३-३५ ठेव, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हायवेवर थोडी जास्त ठेवून आरेत शिरताना सोडली तरी चालेल. फक्त परतीसाठी पंप हवा.

आणि काटे! परदेशातले लोक दगडधोंड्यांच्या गप्पा मारतात. आपला खरा वैरी करवंद आणि खैर. एका सकाळी माझी तीन पंक्चर झाली, तिसरं तर पहिल्याच काट्याच्या तुटलेल्या टोकाने. तेव्हापासून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवतो. टोक असेल तिथे तो अडकतो. जमलं तर ट्यूबलेसच कर. टायरवर ‘टीआर’, म्हणजे ट्यूबलेस रेडी, लिहिलेलं बघ आणि रिमही त्या लायकीची आहे का ते विचारून घे. नसेल तर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घाल, मात्र व्हॉल्व्हची आतली पिन निघणारी हवी. आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचं.

शनिवारी ये. पण उजाडल्यावर, बिबट्याची वेळ त्याची त्याला राहू दे. पाड्यांजवळून जाताना वेग कमी कर, पोरं अचानक रस्त्यावर येतात. आणि दिवाळीपासून तुझ्याकडे पडलेला माझा पंप न विसरता आण. त्याशिवाय तुझ्या टायरला मी हात लावणार नाही.

तुझा,
नित्या