बल्ब बदलणारा माणूस

प्रिय आई-बाबा,

सलाम. हे फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून सरळ टाइप करतोय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, चष्मा लावून दोघांनी एकत्र वाचा, आणि आई, मधेच रडायला लागू नकोस, वाईट काही नाहीये.

१ जूनपासून मी कंपनी सोडतोय. आपल्या भागातली तीन छोटी मिशन हॉस्पिटलं आहेत, त्यांची मशीनं मी बघणार, दुरुस्ती, मेंटेनन्स आणि तिथल्याच दोन-तीन पोरांना शिकवणं. पगार निम्म्याहून थोडा कमी. घराचा हप्ता हिच्या पगारातून जाईल, हिशोब तीनदा केलाय, तिसऱ्यांदा हिनेच केला त्यामुळे तो बरोबर असणार.

आता बाबा विचारणार, हे पाचारण आहे, म्हणजे देवाचं बोलावणं, का डोक्यात आलेलं खूळ. तेच सांगायला बसलोय.

मी आठव्या महिन्यात झालो आणि आईने बायबलमधल्या शमुवेलाच्या आईसारखा, हन्नासारखा, नवस केला, पोरगं जगलं तर देवाला देईन. हे मी लहानपणापासून एवढं ऐकलंय की संडेस्कूलमध्ये शमुवेलाची गोष्ट आली की सगळी पोरं माझ्याकडे बघायची. तुम्ही कधी जबरदस्ती केली नाहीत, पण दर नाताळात पाळकसाहेब घरी आले की "मग, सेमिनरीचं काय", म्हणजे पाळक व्हायला कधी शिकणार, हे व्हायचंच. बाबा कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगायचे, आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार हातात दिला, आणि पुढे १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. मी पण वाट बघितली हो. पुणे-नगर, पुणे-मिरज किती वेळा गेलो, मला ट्रेनमध्ये फक्त टीसी भेटला.

युवक शिबिरात तर दरवर्षी तेच, तुझ्यासाठी देवाची अद्भुत योजना आहे, शोध. सोबतची पोरं उभी राहून साक्ष द्यायची, एक जण पूर्णवेळ सेवेत, एक जण ईशान्येकडे मिशनरी, आणि मी डिप्लोमा करून व्हेंटिलेटरचे सर्किट बोर्ड बदलतोय. वाटायचं आईचा नवस माझ्यामुळे फुकट गेला. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सॉरी.

आपल्या किचनमधल्या कॅलेंडरवर बायबलातलं यिर्मया २९:११ आहे ना, हिताचे संकल्प वगैरे. मागच्या वर्षी एकदा तो अख्खा अध्याय वाचला. ते पत्र आहे, बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि त्या गोड वचनाच्या आधी देव सांगतो की सत्तर वर्षं लागतील, तोवर घरं बांधा, बागा लावा, फळं खा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा. कॅलेंडरवाले हे छापत नाहीत. मला मात्र एकदम मोकळं वाटलं, कारण बाग लावणं ही माझ्या आवाक्यातली गोष्ट होती.

त्याच सुमाराला कंपनीने एका खेड्यातल्या हॉस्पिटलला एक मॉनिटर बघायला पाठवलं. काम अर्ध्या तासाचं. निघताना सिस्टर म्हणाल्या, जरा स्टोअर बघता का. बघतो तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अकरा, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देणगीत आलेले, वर धूळ. चार मशीनांचा फक्त फिल्टर चोकअप, दोनचा फ्यूज, एकाच्या कॉम्प्रेसरला आवाज. उरलेल्या चारांचं जिओलाइट दमट झालेलं. बाबा, हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, ते जिओलाइट तो धरून ठेवतं आणि पुढे नव्वदच्या वर टक्के ऑक्सिजन सोडतं. ते ओलं झालं की मशीन घरघर चालूच राहतं, नळीतून हवा येते, पेशंटला वाटतं ऑक्सिजन लागलाय, आणि येत असते साधी हवा. (बाबा, हे संडेच्या प्रवचनात वापरायचं नाही, मी ओळखतो तुम्हाला.)

मी रात्री तिथेच राहिलो. पहाटे तीनला सातवं मशीन चालू झालं आणि ऑक्सिजन मीटरवर ९३ आलं. एवढंच. दिवा नाही, आवाज नाही, पण माझे हात थरथरत होते आणि मला बायबलातला निर्गम ३१ हा अध्याय आठवला. बसालेल. ज्याला देवाने आपल्या आत्म्याने भरलं असं म्हटलंय तो माणूस त्या अध्यायात याजक नाही, संदेष्टा नाही, तर सोनं-पितळ-लाकूड घडवणारा कारागीर आहे. बाबा, तुम्ही बायबल स्टडीत निर्गम दोनदा घेतलंत, दोन्ही वेळा निवासमंडपाची मापं सांगितलीत, बसालेलवर थांबला नाहीत. तक्रार नाही, पण थोडी आहे.

मोशेला पण देवाने आधी काय विचारलं, तर तुझ्या हातात ते काय आहे. काठी होती. माझ्या हातात मल्टिमीटर.

लगेच ठरवलं असं नाही. वर्षभर घासाघीस झाली, प्रार्थनेत पण आणि हिच्याशी पण. कंपनीतली वर्षं वाया गेली असंही मला वाटत नाही, तिथे शिकलो म्हणून तर आज येतंय.

आई, आता तुझ्यासाठी. माझ्या जन्माची गोष्ट तू शंभर वेळा सांगितलीस. त्यात डॉक्टरबाई आहेत, त्यांची प्रार्थना आहे, तुझा नवस आहे, लाकडी पेटीत बल्ब लावून मला ऊब दिली ते आहे. आणि मधे एक वाक्य येतं, "रात्री बल्ब उडाला, मग वर्कशॉपचा एक माणूस पावसात सायकलवर आला आणि बदलून गेला." मग तू लगेच डॉक्टरबाईंवर जातेस. त्या स्टोअरमधून परत येताना गाडी चालवत होतो आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हंजे, तो आला नसता तर? तू देवाला दिलंस ते पोर त्या रात्री त्याच्या हातून वाचलंय. कदाचित देवाने मला घेतलं ते त्याच रांगेत उभं करायला, तुम्हीच दुसऱ्या रांगेत शोधत बसलात, आणि मी पण.

त्या माणसाचं नाव तुला आठवतं का? नसेल तर संगमनेरच्या मावशी तेव्हा तिथे ड्युटीला होत्या, त्यांना विचार. रविवारी उपासनेनंतर येतो, मटण करू नकोस, साधं वरण-भात चालेल. बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, नाव पाठवा, इकडून आणतो.

तुमचाच,
धाकटा