घाटाच्या फोम किटमधील थर्माकोल, फोम खाणारा डिंक आणि तुटका चढ यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल रेल्वेच्या घाट-किटमध्ये जाहिरातीप्रमाणे माल नसणे, सोबतच्या डिंकाने फोम विरघळणे आणि पैसे परत देण्यास नकार.

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी चॅटवर बोलून काही निष्पन्न होणार नाही हे आता पुरते कळले, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहिते आहे. माझे नाव बिलावर स्पष्ट छापलेले असूनही तिथे प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘डिअर सर’ अशी झाली. तो विषय इथेच सोडते. तक्रार मालाची आहे.

तुमच्या संकेतस्थळावरून मी ‘घाट आणि बोगदा’ असे वर्णन असलेले फोमचे किट रु. ६,४०० ला मागवले. त्यात ५० मिलिमीटर जाडीचे चार फोमचे तक्ते, चढासाठी तयार कापलेल्या पट्ट्या, डिंकाची बाटली, तारेचा गरम कटर, गवताची पूड आणि माहितीपत्रक होते. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: फोम एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचा, म्हणजे सुटे दाणे नसलेला एकजीव, घनता ३२ किलो प्रति घनमीटर; चढ भोर घाटासारखा १:३७, म्हणजे ३७ मिलिमीटर पुढे गेले की १ मिलिमीटर वर; आणि डिंक ‘फोमसाठी खास’. या तीनपैकी एकही गोष्ट खरी नाही.

हे किट कशासाठी हवे होते ते आधी सांगते, कारण तुमच्या माणसांचा असा समज दिसतो की मी शोकेससाठी एखादा देखावा करत होते. मी एचओ मापात, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढ्या), जुन्या भोर घाटाचा लेआउट, म्हणजे गाड्या प्रत्यक्ष चालवता येतील अशी छोटी प्रतिकृती, बांधते आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या मार्गावर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. कड्यावर वळण घ्यायला जागा नसल्यामुळे इंजिनियरांनी काढलेली ती युक्ती होती. १९२९ मध्ये नवा मार्ग आला आणि ते स्टेशन बंद झाले. खरा घाट सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. त्याला ८७ ने भागले तरी सहा मीटरच्या वर उंची जाते, म्हणजे माझ्या छतातून आरपार वरच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात. त्यामुळे उंची आणि लांबी सगळेच मॉडेलवाले आवळतात तशी मीही आवळली. चढ मात्र १:३७ च ठेवायचा होता. रूळ आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबाने थोडे अरुंद, डबे थोडे आखूड, हे सगळे आमच्यात चालवून घेतात. पण घाट घाटासारखा चढला नाही तर बांधायचा कशाला?

फोमच का, हेही सांगते. पूर्वी डोंगर प्लायवूडच्या सांगाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवून करत. दिसायला उत्तम, उचलायला दोन माणसे. मी लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि माझा लेआउट चार मॉड्यूलमध्ये, म्हणजे सुटे करता येणाऱ्या चार भागांत आहे, कारण तो कधीमधी दुसरीकडे नेऊन मांडायचा असतो. फोमचे मॉड्यूल मी एकटी काखेत मारून जिना उतरू शकते. दुसरे कारण मला जास्त आवडते. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे. ५० मिलिमीटरचे तक्ते एकावर एक रचून, कडा मागेपुढे ठेवून चाकूने तासले की त्या कड्यांच्या पायऱ्या आपोआप उमटायला लागतात. मात्र त्यासाठी फोम एकजीव हवा. चाकूला तो भाकरीसारखा चुरला तर कातळ होत नाही, कचरा होतो.

आता तक्त्यांबद्दल. ते आले तेव्हा गुलाबी होते. एक्सट्रुडेड फोम बहुतेक गुलाबी किंवा निळ्या रंगात मिळतो, त्यामुळे संशय यायचे कारण नव्हते. पहिला तक्ता कापला आणि आतून पांढराशुभ्र निघाला. गुलाबी रंग फक्त वरून मारलेला होता. तुकडा मोडून पाहिला, तर मोडलेल्या कडेवर साबुदाण्यासारखे सुटे दाणे. हा साधा थर्माकोल आहे, म्हणजे एक्सपांडेड पॉलिस्टायरीन, टीव्हीच्या खोक्यात येतो तोच. खात्रीसाठी अख्खा तक्ता वजनकाट्यावर ठेवला. १२०० बाय ६०० बाय ५० मिलिमीटर, म्हणजे ०.०३६ घनमीटर. तुम्ही सांगितलेल्या घनतेने त्याचे वजन साधारण १ किलो १५० ग्रॅम भरायला हवे होते. भरले ५५० ग्रॅम. म्हणजे घनता १५ च्या आसपास, जाहिरातीच्या निम्म्याहूनही कमी. काट्यावरचा फोटो सोबत आहे. भागाकार तुमच्या कार्यालयात कोणीही करून पाहू शकेल.

यावर तुमच्या प्रतिनिधीने लिहिले, “दाण्यांची रचना ही या उत्पादनाची नैसर्गिक वैशिष्ट्ये आहेत.” पॉलिस्टायरीनमध्ये नैसर्गिक काय असते हे त्यांनी पुढे सांगितले नाही. या ‘वैशिष्ट्यांचा’ प्रत्यक्ष परिणाम असा की अंगठा दाबला तरी तक्त्याला खळगा पडतो, त्यामुळे त्यावर टाकलेला ट्रॅक समपातळीत राहत नाही. आणि सुटलेले दाणे स्थिर विजेने इंजिनाच्या पोटाला चिकटून गिअरमध्ये जातात. माझे एक इंजिन उघडून चिमट्याने साफ करावे लागले.

डिंकाचा प्रकार याहून वाईट आहे. बाटली उघडताच चपला दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर येतो तो वास आला. सोल्यूशनचा. अशा डिंकातल्या टोल्युइनसारख्या द्रावकात पॉलिस्टायरीन विरघळते. पूर्वी घरोघरी गणपतीचे मखर थर्माकोलचे करत तेव्हा पांढराच डिंक वापरायचा, सोल्यूशन नाही, हे पोराटोरांनाही माहीत असायचे. तरी बाटलीवर ‘फोमसाठी खास’ असे लिहिलेले असल्यामुळे, आणि माहितीपत्रकात ‘तक्ते जोडण्यासाठी फक्त सोबतचाच डिंक वापरा’ अशी ताकीद असल्यामुळे, मी तो एका तुकड्यावर लावून पाहिला. काही झाले नाही. का झाले नाही ते नंतर कळले. मी लावला होता गुलाबी रंगाच्या बाजूला आणि त्या रंगाच्या थराने फोम झाकला गेला होता. बोगद्याच्या तोंडाशी कापलेल्या, उघड्या कडा जोडल्या तेव्हा झाकायला काहीच नव्हते. रात्री जोडलेला बोगदा सकाळी खचलेला होता. आत मुठीएवढी पोकळी झाली होती, कडा विरघळून चिकट धागे सुटले होते आणि बोगद्यातून जाणारा फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) त्या चिकट राळेत रुतून बसला होता. ट्रॅकच्या तीन लांब्या वाया गेल्या. त्या आयात केलेल्या होत्या आणि त्यांचे बिल सोबत आहे.

तुमचे उत्तर: “सर, कृपया २४ तास सुकू द्या.” काय सुकू द्यायचे? भोकाला सुकण्याची गरज नसते.

चढाच्या पट्ट्यांविषयी थोडे आकडे देते. १:३७ चा चढ म्हणजे साधारण २.७ टक्के. ६०० मिलिमीटरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १६ मिलिमीटर उचलली गेली पाहिजे, आणि पुढची पट्टी जिथे आधीची संपते त्याच उंचीवर सुरू झाली पाहिजे. तुमची पहिली पट्टी १६ मिलिमीटरवर संपते आणि दुसरी १९ वर सुरू होते, म्हणजे सांध्यावर ३ मिलिमीटरची पायरी. तिसरी पट्टी एकटीच २४ मिलिमीटर चढते, म्हणजे चक्क ४ टक्के. सरळ मार्गावर दोन-तीन डब्यांची गाडी असे काही कदाचित ओढेलही. पण घाटात वळणे असतात आणि वळणावर चाकांचे घर्षण वाढून चढ असतो त्याहून जड होतो. माझे इंजिन सहा डबे घेऊन तिसऱ्या पट्टीवर जागच्या जागी चाके फिरवत राहिले, आणि पायरीपाशी डबे जोडणारे कपलर वरखाली होऊन मागचे डबे सुटले व उलटे घरंगळत गेले. खऱ्या घाटात कर्जतहून मागे रेटा देणारी बँकर इंजिने लावतात, तसे मीही मागे एक लावावे, अशी सूचना तुमच्या प्रतिनिधीने केली. कल्पना मजेशीर आहे, पण बँकर चढासाठी असतो, पायरीसाठी नाही.

कटरची तार पहिल्याच तक्त्याला ढिली पडली. त्याबद्दल मी काही मागत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी पैशांपेक्षा जास्त आग्रही आहे. पेटीवर ‘वय ८ वर्षे व अधिक’ असे छापले आहे. गरम तारेने पॉलिस्टायरीन कापताना जो धूर निघतो त्यात स्टायरीन नावाची अपायकारक वाफ असते. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, पंखा बाहेरच्या बाजूला लावूनच करायचे असते. सोल्यूशनची वाफ वेगळीच, आणि ती पेट घेणारी. त्याच पेटीत तापणारी तार आहे. म्हणजे ज्वलनशील डिंक आणि तापलेली तार एका खोक्यात घालून तुम्ही ती आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवता, आणि माहितीपत्रकात याबद्दल इशाऱ्याची एक ओळ नाही. झाडे कुठे लावावीत यावर अर्धे पान आहे. आमच्या पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्यांतले कोणी घरी जाऊन हट्टाने नेमके तुमचे किट मागवले तर?

शेवटी तुमच्याकडून आलेल्या ई-मेलमध्ये दोन मुद्दे होते. पहिला, किट ‘केवळ सजावटीसाठी’ आहे, त्यामुळे घनता आणि चढ यांची हमी देता येत नाही. जाहिरातीत आकडे आणि ई-मेलमध्ये सजावट, हे कसे जमते? आणि सजावटच म्हणत असाल तर महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आहे. तुम्ही घेतलेला बचाव तुम्हालाच महाग पडेल असा आहे. तो मागे घ्यावा, हा माझा फुकटचा सल्ला.

दुसरा मुद्दा, परतीची सात दिवसांची मुदत संपली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये त्यात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. तुमची सात दिवसांची अट या नियमापेक्षा मोठी नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्यात निवारण करायचे असते. पेटीवर उत्पादकाचे नाव आणि पत्ता नाही, फक्त ‘विपणन’ म्हणून तुमचे नाव आहे. वेष्टनावर काय छापायचे याचेही नियम आहेत, तेही एकदा वाचून घ्यावेत.

माझ्या मागण्या अशा. किटचे पूर्ण पैसे आणि वाया गेलेल्या ट्रॅकची किंमत माझ्या खात्यात जमा करावी. बदली किट नको. त्याच गोदामातून तोच रंगवलेला थर्माकोल येणार. संकेतस्थळावरचे घनतेचे, चढाचे आणि डिंकाचे दावे काढून टाकावेत. आणि ज्यांनी हे किट घेतले आहे त्या सर्वांना डिंक आणि कटर यांबद्दल लेखी इशारा पाठवावा. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, सवलतींचे संदेश नियमाने येतातच. या शेवटच्या मागणीवर तडजोड नाही. पैसे मिळाले आणि इशारा गेला नाही तर तक्रार कायम राहील.

एक महिन्यात हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मला तुमच्या शहरात यावे लागणार नाही. तुम्हाला मात्र इथे यावे लागेल. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फीही नाही.

उरलेले तक्ते, पट्ट्या, कटर आणि खचलेला बोगदा असे सगळे मी मूळ पेटीत बांधून ठेवले आहे. न्यायला माणूस पाठवताना आधी फोन करावा, दुपारी मी घरी नसते.

कळावे,

आपली ग्राहक,
पुणे

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, वजनकाट्यावरील तक्त्याचा व बोगद्याचा फोटो, पट्ट्यांची मोजमापे, ट्रॅकचे बिल, चॅट आणि ई-मेलच्या प्रती.

ता. क. डिंकाची बाटली पेटीत घातलेली नाही. ज्वलनशील द्रव असल्यामुळे कुरियरवाल्याने ती घेण्यास नकार दिला. तुम्ही ती माझ्यापर्यंत कशी पोचवली होती ते कळवावे, म्हणजे त्याच मार्गाने परत पाठवते.